रुसलेलं रक्त

दुपारचं जेवण उरकून हात धुवत होते, तेवढ्यात निरोप आला. काकूंना हृदयविकाराचा झटका आलाय, कॅथलॅबमध्ये घेतलंय. काकू म्हणजे आमच्या मास्तरांच्या पत्नी. मास्तरांनी मला अँजिओप्लास्टी शिकवली आणि काकूंनी आम्हा शिकाऊ डॉक्टरांना पोटच्या पोरांसारखं जेवू घातलं. मास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती. आता काकूही गेल्या, तर मला हक्कानं ओरडणारं कुणीच उरणार नव्हतं.

मंद दिवे, स्पिरिटचा वास, अंगावर शिशाचा जड एप्रन. टेबलही तेच. इथेच मास्तर दाढेत लवंग धरून मास्कमागून चिडवायचे, "हळू गं, नळी आहे ती, बैल नाही हाकायचा." ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

"तू आहेस ना, मग मी निवांत," काकू म्हणाल्या.

उजव्या मनगटातून नळी हृदयापर्यंत नेली. फुगा फुगवला, स्टेंट बसला, वाहिनी मोकळी झाली. पण रक्ताची वाट दाखवणारा डाय सोडला तर तो पडद्यावर अर्ध्या वाटेतच थबकला. वाट मोकळी, पण पुढच्या बारीक फांद्या तुंबलेल्या. रक्त पुढे सरकेना. आम्ही त्याला नो-रिफ्लो म्हणतो. त्यात माणूस डोळ्यांदेखत हातातून निसटतो.

"मॅडम, प्रेशर उतरतंय," टेक्निशियन म्हणाला. औषध दिलं. पुन्हा दिलं. काकूंचे डोळे मिटले. मी घाईघाईत आणखी एक फुगा मागितला.

मास्तर अशा वेळी फुग्याला हात लावू द्यायचे नाहीत. रक्त रुसलंय, म्हणायचे, रुसलेल्याला ओढत नाहीत, त्याची समजूत काढतात. मग बारीक नळी पार खालपर्यंत नेऊन औषध थेंब थेंब सोडायचे आणि थांबायचे. पण तेव्हा मला यातलं काहीच सुचत नव्हतं.

कंट्रोल रूमचा स्पीकर खरखरला.

"फुगा खाली ठेव गं... बारीक नळी घे... घाई कुठाय?"

मी मान वर केली. काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. टेक्निशियन माझ्या शेजारीच उभा होता, पांढराफटक पडलेला.

"मॅडम... तुम्हीपण ऐकलंत?"

मी फुगा बाजूला ठेवला. बारीक नळी घेतली, थेंब थेंब औषध सोडलं आणि थांबले. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग डाय हलला. एक फांदी भरली, मग दुसरी, मग सगळं झाड. प्रेशर चढलं. मास्कमध्ये मी लहान पोरीसारखी रडत होते.

काकूंनी डोळे उघडले. चेहऱ्यावर लाजरं हसू होतं.

"ह्यांना सांग ना गं... हात सोडा म्हणावं. सारखं आपलं, चल... चल..."

"कुठला हात, काकू?"

"डावा."

डाव्या हाताला आमच्यापैकी कुणीच शिवलं नव्हतं. तो चादरीबाहेर, टेबलापासून वीतभर वर अधांतरी उचललेला होता, आणि मनगटावर चार बोटांचे वळ हळूहळू खोल होत चालले होते.