केदारखेड्याची गृहतपासणी

दार उघडणाऱ्या तरुणाला पाहून बेबीनंदा उंबऱ्यातच थबकली. सकाळी भोकरदनहून येताना ज्याने हळूच म्हटले होते, "ओढणी बांधा मॅडम, आज धुळीची नजर तुमच्यावरच हाय" — तोच हा जीपचालक.

"अर्जातले धर्मराज... तुम्हीच?"

"आन् पतसंस्थेच्या साहेब... तुम्ही?"

मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी पतसंस्थेने कमी व्याजाचे, लहान हप्त्यांचे वाहनकर्ज नुकतेच सुरू केले होते. घर पाहून शिफारस करणे हे बेबीनंदाचे काम. धर्मराज चालवीत असलेली जीप मालक विकायला निघाला होता. कर्ज मिळाले तर ती त्याची. न मिळाले तर हातची रोजीही जाणार.

"मालकाकडून गाडीची कागदं आणतो," म्हणून तो घाईने गेला. सोबत आलेले वृद्ध शिपाई तातेराव सतरंजीवर ऐसपैस बसले. धर्मराजची आई, द्वारकाबाई, पोहे घेऊन आल्या.

"घरात माणसे किती?" बेबीनंदाने विचारले.

"म्या, पोरगा आन् धाकटी लेक. औंदा दहावीला हाय."

"मुलाला व्यसन?"

"सुपारीचं खांड सुदिक न्हाई."

"डोक्यावर कर्ज?"

"बिलकुल न्हाई. कर्जाचं नाव काढलं तरी मला कापरं भरतं."

हे उत्तर चमत्कारिक होते. पण बेबीनंदा पुढे काही विचारणार, तोच द्वारकाबाईंनी तिच्या कपाळी कुंकू टेकवले आणि नारळ ओटीत घातला.

"आम्हाला पोरगी पसंत हाय, इवाई," त्या तातेरावांना म्हणाल्या. "सवताच समदं इचारून घेती... लई धीराची."

तातेरावांना ठसका लागला. "बाई, मी शिपाई हाय. ह्या आमच्या साहेब."

दारात कागद घेऊन परतलेल्या धर्मराजचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माय... मुलीकडची माणसं उद्या येणार हायेत. ह्या कर्जाच्या तपासणीला आल्यात."

"कर्ज?" द्वारकाबाई मटकन खाली बसल्या. "मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तू हो म्हणली असती का? दुसऱ्याची गाडी किती दिस हाकू, माय? आपली झाली तर हप्ता भागून धाकटीच्या कॉलेजाचा खर्चा निघंल."

द्वारकाबाईंनी लेकाच्या हातातले कागद चाचपले आणि पुटपुटल्या, "...हप्ता चुकवू नको म्हंजे झालं."

धर्मराज मान खाली घालून बेबीनंदाकडे वळला. "कुंकू पुसून टाका मॅडम. पर राग अर्जावर काढू नका."

तिचा हात कपाळाशी गेला... आणि तसाच खाली आला.

"तातेराव, हे प्रकरण व्यवस्थापक बद्रीनाथ साहेबांकडे द्या. मला ते करता येणार नाही."

"म्हंजे... नामंजूर?" धर्मराजने विचारले.

"नाही. कागद बरोबर असतील तर ते मंजूर करतील. पण पतसंस्थेचा नियम आहे — नात्यातल्या माणसाची शिफारस आपण करायची नसते."

"पर आपलं... नातं कुठंय?"

ओटीतला नारळ सावरीत ती उठली. दारापाशी जाऊन, मागे न पाहताच म्हणाली,

"उद्याच्या पाहुण्यांना तेवढं कळवा... येऊ नका म्हणून."