राहण्याजोगी खोली

उशीवर छताच्या गिलाव्याचा परातीएवढा तुकडा पडला होता. ओला, जड, कडेला धार असलेला. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बाहेर पाऊस कोसळत होता. ज्या डोक्याची ती उशी, ते त्या वेळी खिडकीपाशी चष्मा पुसत बसलं होतं, म्हणून वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार अर्ज इमारत खात्यात पोचला आणि त्यामागोमाग खात्याची निरीक्षक त्या घरी. कचेरीत तिला सगळे ‘टाचणी’ म्हणत. अंगानं तशीच होती आणि टोचल्याशिवाय कुणाला सोडत नसे.

अर्जाची घडी तीनपदरी होती, कागदाची कड आत दुमडलेली. मजकूर छोटा होता. ‘आम्ही या घरात चाळीस वर्षे राहतो. दोन महिन्यांपूर्वी सगळे छप्पर नवे करून घेतले. काम निकृष्ट आहे. वरची खोली रहाण्याजोगी नाही, तसा दाखला मिळावा.’ खाली घरमालकाची फरफटलेली सही.

अंगणात घरमालक आणि छपराचा मिस्त्री एकमेकांच्या नरडीला लागायचे तेवढे बाकी होते.

“माझ्या बहिणीचा जीव घेतला असतास!” घरमालक ओरडला. त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली होती.

“बावीस वर्षं कौलं चढवतोय मी,” मिस्त्री म्हणाला. “असल्या आरोपानं परवाना गेला तर तुमच्याच दारात येऊन बसेन.”

“दोघंही गप्प बसा,” टाचणी म्हणाली. “मिस्त्री, प्रत्येक कौल तारेनं बांधलंय?”

“प्रत्येक.”

“नक्की?”

“एकदा सांगितलं ना!”

“छप्पर झाल्यावर आधी पाऊस झाला होता?” तिनं घरमालकाला विचारलं.

“दोनदा. चांगला झोडपून.”

“तेव्हा गळलं?”

“नाही,” तो नाखुशीनं म्हणाला. “पण म्हणून काय झालं?”

तेवढ्यात त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आली. घरात सगळ्यांशी गोड बोलणारी ती एकटीच दिसत होती. “मॅडम, आधी चहा घ्या. आमच्या वन्सं अजून थरथरताहेत हो. आता त्यांनी वर राहणं बरं नाही. माझ्या ओळखीचं एक वसतिगृह आहे, अगदी स्वच्छ.” कपाखालचा रुमाल तिनं नीट केला. तीन घड्या, कड आत.

चहा न घेताच टाचणी जिना चढली.

बहीण वरच्या खोलीत ओल्या गादीकडे पाठ करून बसली होती. एका छापखान्यात तिनं तीस वर्षं मुद्रितं तपासली होती, आणि माणसांकडेही ती चूक शोधत असल्यासारखीच बघे. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग तसाच पडला होता.

“ही खोली तुमच्या नावावर आहे?”

“नाही. घर दादाचं. बाबांनी मृत्युपत्रात लिहिलंय, खोली राहण्याजोगी असेल तोवर माझी. नंतर दादाची.”

टाचणीनं अर्ज तिच्यापुढे धरला. “हा वाचलात?”

बहिणीनं चष्मा चढवला. तिचं बोट सवयीनं ओळीवरून सरकलं आणि थांबलं. “‘राहतो’ बरोबर लिहिलंय. आणि दोन ओळींखाली ‘रहाण्याजोगी’? तोच माणूस, तोच कागद! बाबा असंच लिहायचे. मृत्युपत्रातली ती चूक मला अजून डाचते, सुधारता येत नाही म्हणून चरफडते.”

“मृत्युपत्र कुठं असतं?”

“खाली, कपाटात. किल्ली वहिनीकडे.”

माळ्याचं झाकण बाहेरच्या बोळकांडीत होतं आणि शिडी स्वयंपाकघराच्या दारामागे. मिस्त्रीनं ती आणून लावली, पण वर बघायची त्याची तयारी दिसेना. टाचणी बॅटरी घेऊन चढली. कौलांच्या तारा तपासत ती रांगेरांगेनं सरकली. पहिली रांग बांधलेली. दुसरी मोकळी. तिसरी बांधलेली. चौथी मोकळी.

“मिस्त्री! प्रत्येक कौल, नाही का?”

खाली मिस्त्री उगाच शिडीचा पाय घट्ट धरू लागला. त्यानं माती खाल्ली होती आणि ती उघडी पडली होती.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण बरोबर पलंगाच्या वर, चौथ्या रांगेत, तीन कौलं वेगळी बसली होती. एका रेषेत, अगदी देखणी. फक्त त्यांचे खालचे ओठ खालच्या रांगेवर यायचे ते तिच्याखाली शिरले होते. शेजारी धुळीत एक जुना टॉवेल पडला होता, त्यावर दोन गुडघ्यांचे खळगे. टाचणीनं त्याच्या घड्या मोजल्या आणि तो घेऊन ती खाली उतरली.

“कौलं लावायला कुठून सुरुवात करता?”

“वळचणीपासून. खालून वर,” मिस्त्री पुटपुटला. “वरच्याचा ओठ खालच्याच्या डोक्यावर. आमच्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

“आणि छपरावर न चढता, माळ्यावरून आतून कौल काढून परत घातलं तर?”

मिस्त्रीचे डोळे बारीक झाले. “अडाणी हातानं? ओठ खालीच अडकणार. पाणी थेट आत.”

तिनं सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊनच वर आली. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

“काम निकृष्ट आहे,” टाचणीनं सुरुवात केली. घरमालकानं विजयी मुद्रेनं मान हलवली. “पण गळती त्या कामाची नाही. छप्परच चुकलं असतं तर पहिल्याच पावसात गळलं असतं. दोन पाऊस कोरडे गेले, त्यानंतर तीन कौलं उलटी बसली. तीही आतून. मिस्त्री आळशी आहे, पण ओठ कुठं टेकतो हे तो झोपेतही विसरणार नाही. म्हणजे घरातलंच कुणीतरी शिडी घेऊन माळ्यावर गेलं.”

“कुणी?” घरमालक म्हणाला.

“ज्याचं छप्पर गळतं तो माणूस लिहितो, पाणी बंद करून द्या. हा अर्ज दुरुस्ती मागतच नाही, दाखला मागतो. आणि त्यातला एक शब्द मृत्युपत्रातून उचललाय, चुकीसकट. हा अर्ज तुम्ही लिहिलात?”

“मी नुसती सही केली. लिहिला हिनं.”

“वाचलात?”

तो अर्जाकडे पहिल्यांदाच नीट बघू लागला.

“वाटलंच. तुमची बटणंही तुम्ही बघून लावत नाही.” टाचणीनं टॉवेल पलंगावर ठेवला. शेजारी अर्ज ठेवला. मग ट्रेमधला रुमाल काढून तोही ठेवला. तिन्हींच्या तीन घड्या, तिन्हींची कड आत. “साडी धुळीत मळू नये म्हणून गुडघ्याखाली घेतला होतात ना, वहिनी? दाखला मिळाला की पुन्हा चढून कौलं सरळ करायची होती, म्हणून टॉवेल तिथेच ठेवलात. इतकी नीटनेटकी बाई पसारा विसरत नाही.”

वहिनीच्या तोंडावरची साखर विरघळली.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं या माझ्या डोक्यावर चालताहेत. पलंग ते खिडकी नऊ पावलं, खिडकी ते दार सात. मी मोजते, दादल्याला ऐकूसुद्धा येत नाही. मला यांना मारायचं नव्हतं. नुसती खोली ओली करायची होती.”

“गिलाव्याला तसं बजावलं होतंत का?” टाचणीनं विचारलं.

घरमालक मटकन खुर्चीवर बसला, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावरच. मिस्त्री हळूच दाराकडे सरकू लागला.

“तुम्ही थांबा. सगळी कौलं बांधली असतीत तर यांच्या हातून एकही हललं नसतं. दार तुम्ही उघडं ठेवलंत, त्या फक्त आत शिरल्या. उद्यापासून राहिलेली प्रत्येक रांग बांधायची. मी माळ्यावर बसून तपासणार. तोवर परवाना माझ्याकडे.”

मिस्त्रीनं खिशातून परवाना काढून निमूटपणे तिच्या हातावर ठेवला.

टाचणीनं छापील फॉर्म काढला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं. बहीण उठून तिच्या खांद्यावरून वाचत होती. ‘दुरुस्तीनंतर खोली राहण्याजोगी आहे.’ बहिणीनं ते दोनदा वाचलं आणि तिचे डोळे भरून आले.

“पोलिसांत द्यायचं का, ते तुम्ही ठरवा,” टाचणी तिला म्हणाली.

“आज नाही. टॉवेल आणि अर्ज मात्र माझ्याकडे राहू देत.” मग ती भावजयीकडे वळली. “मी कुठंही जाणार नाही, वहिनी. नऊ आणि सात. मोजत बसा.”

ती बोळकांडीत गेली. माळ्याला लावलेली शिडी तिनं दोन्ही हातांनी उचलली, कुणाची मदत न घेता खोलीत ओढून आणली आणि पलंगामागे उभी केली. मग सगळे बाहेर जाईपर्यंत ती दार धरून उभी राहिली, आणि शेवटी तिनं आतून कडी लावली.