लाल अक्षरांतलं नाव

या वयात गोष्टी रचायची हौस कुणाला असते? घडलेल्याच पुरून उरल्यात. ही माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत घडलेली आहे आणि यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चांद्र नववर्षाच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, आमच्या नूल्सम बेटावर.

त्या दिवशी धुकं होतं.

धक्क्यावर उभं राहिलं तर आपल्याच बोटी दिसत नव्हत्या. नुसते दोर करकरताना ऐकू यायचे...

पण आधी जावेबद्दल सांगते.

तिचं नाव माल्सून. हे नाव बेटावर कुणाच्या तोंडी नव्हतं. मुलगा झाला त्या दिवसापासून ती 'गिबोमची आई' झाली. मासळी वाळवणाऱ्या बायका, टपालवाला, दुकानदार, सगळे तिला याच नावानं हाक मारायचे. मीसुद्धा. आमच्याकडे बाईचं नाव असंच मुलाच्या नावात विरघळून जातं.

गिबोम एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. पोरगा मांदेलीच्या बोटीवर कामाला होता. बोटीवरून आला की अंघोळ, जेवण आणि थेट बोक्नामचं दुकान. बोक्नामकडे भाड्यानं संगणक मिळायचे, गावातली पोरं तिथं खेळत बसायची. गिबोमचा खेळ समुद्री चाच्यांचा. शिडाची जहाजं, तोफा, लुटालूट. दिवसभर समुद्रावर राबून आलेला मुलगा संध्याकाळी पुन्हा समुद्रावरच!

मी चिडवायची. तो म्हणायचा, "काकू, खऱ्या समुद्रात मी गडी. इथं कप्तान."

त्या शरदात त्याची बोट परत आली नाही.

उलटी तरंगताना सापडली. बोटमालकाचा देह दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला. गिबोमचा लागला नाही.

आम्ही वाट पाहिली. मग घरातले हळूहळू विधीचं बोलू लागले. समुद्रात गेलेल्याचा जीव पाण्यातून वर काढायचा एक विधी असतो आमच्यात. तो झाला नाही तर तो जीव भिजत, कुडकुडत फिरत राहतो.

जाऊ ऐकायला तयार नव्हती.

"तो मेलेल्यांसाठी असतो," ती म्हणाली. "माझा मुलगा हरवलाय."

रोज त्याच्या वाटीत भात वाढायची आणि ती वाटी झाकून, उबेला राहावी म्हणून रजईखाली ठेवायची.

थंडी सुरू झाली तेव्हा बोक्नामचा फोन आला. गिबोमच्या सपाता आणि स्वेटर तिच्या दुकानात राहिले होते. जाऊ आणायला गेली. कोपऱ्यातला संगणक त्याचा ठरलेला. बोक्नामनं तो दुसऱ्या कुणाला दिलाच नव्हता. पडद्यावर त्याचं जहाज उभं होतं, आणि जहाजाच्या डोक्यावर नाव, आडनावासकट.

थाक गिबोम.

लाल अक्षरांत...

"हे कुणी लिहिलं?" जाऊ ओरडली. "जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहिता? मेलाय का तो?"

बोक्नाम धावत आली. "ताई, ताई, ऐका तरी! कुणी लिहिलं नाही. खेळाची रीत आहे ती. जहाजं लुटली की बदनामी वाढते. बदनामी वाढली की नाव आधी पिवळं होतं, मग लाल. तुमचा लेक सज्जन थोडाच होता तिथं! अर्धा समुद्र लुटून ठेवलाय."

"लाल झालं की काय होतं?"

"कुठलंच बंदर आत घेत नाही. दिसला की तोफा डागतात."

"स्वतःच्या गावचं बंदरसुद्धा?"

"ते तर सगळ्यात आधी."

जावेनं पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"मग तो घरी यायचा कसा?"

बोक्नामनं खुर्ची पुढे ओढून दिली.

"पांढरं कसं करायचं ते सांग," जाऊ म्हणाली.

"काळं निशाण उतरवायचं. पकडलेली जहाजं सोडून द्यायची. बुडणाऱ्या खलाशांना पाण्यातून वर घ्यायचं. चांगलं वागायचं, दुसरं काय! गिबोमला कधी जमलं नाही ते."

"मला जमेल."

सपाता तिथंच राहिल्या. जाऊ त्या खुर्चीत बसली ती बसलीच.

उभा जन्म मांदेलीची डोकी खुडण्यात गेलेला. जाड, चिरा पडलेली बोटं. पहिल्या दिवशी बोक्नाम ओरडली, "ताई, माऊस म्हणजे उंदीर! मांदेली नव्हे. डोकं काय खुडताय त्याचं!" पोरं पोट धरून हसली. जाऊसुद्धा हसली. बोट बुडाल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शिकली ती. रोज दुपारी वाळवणं आवरली की जायची. लढाई दिसली की लांबून वळसा घालायची आणि नंतर मागे येऊन पाण्यात पडलेल्यांना उचलायची. या बाजूचे, त्या बाजूचे, सगळे. प्रत्येकाला वर घेताना वाकून त्याचं तोंड बघायची.

"आजी, सगळ्यांची तोंडं सारखीच आहेत," पोरं म्हणायची. "संगणकानं काढलेली!"

"असू देत. शोधणारं कुणीतरी असेलच ना त्यांनाही."

एक दिवस नाव पिवळं झालं. काही दिवसांनी, संध्याकाळी, पांढरं.

त्या संध्याकाळी तिनं घरी येऊन मला हाक मारली. चेहरा उजळलेला. "पांढरं झालं गं! आता बंदर उघडं आहे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तिनं मला हाताला धरून अंगणात नेलं.

पाऊस नव्हता. दवही नव्हतं.

फाटकापासून दारापर्यंत ओल्या पावलांची रांग होती...

अनवाणी पावलं. बोटं स्पष्ट उमटलेली. पायरीपर्यंत आलेली, आणि तिथून मागे वळलेली.

मी वाकून बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

खारं.

"आला होता," जाऊ कुजबुजली. आनंदानं. रजईखालची वाटी तिनं उघडून पाहिली. भात जसाच्या तसा होता.

आणि दुपारी ती दुकानात गेली तर...

नाव पुन्हा लाल.

बोक्नामनं आईची शपथ घेतली. "मी स्वतः कुलूप लावलं, ताई. किल्ली माझ्या गळ्यात आहे. कुणाची हिंमत आहे त्या खुर्चीत बसायची?"

सगळा हिवाळा असाच गेला. आता हात बसला होता, दुपारभर जीव आटवून ती संध्याकाळपर्यंत नाव पांढरं करायची. सकाळी पायरी ओली असायची. दुपारपर्यंत नाव लाल झालेलं असायचं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

पावलं मात्र बदलत गेली. बोटं उमटेनाशी झाली. मग टाच. शेवटी शेवटी नुसते ओढत आणल्यासारखे पट्टे...

मी जावेला दाखवलं. "नीट बघ," म्हटलं. "हा असा येतोय तो."

"थंडी आहे. पाय गारठले असतील," ती म्हणाली, आणि दुकानाच्या वाटेला लागली.

मग ती धुक्याची तिन्हीसांज आली.

उद्याच्या सणाच्या सूपसाठी तांदळाच्या वड्या कापायच्या होत्या. जाऊ आली नाही म्हणून मी तिला आणायला गेले. दुकान रिकामं. पोरं सणाला घरोघरी. बोक्नाम मागे भांडी घासत होती. जाऊ कोपऱ्यात, कानांवर हेडफोन.

मला बघून तिनं एका कानाचा हेडफोन काढून माझ्याकडे धरला.

"ऐक."

लाटा होत्या. शिडांची फडफड होती.

आणि त्याच्या खाली...

टक. टक. टक. टक.

मग एक ठोका चुकायचा. पुन्हा टक. टक.

इंजिन.

बेटावरच्या बायका बोटी डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतात. आपलं माणूस कुठल्या इंजिनामागे आहे ते चुलीपाशी बसून कळतं. त्या खेळातल्या जहाजांना इंजिनं नसतात, सगळी शिडाची. हा गिबोमच्या बोटीचा आवाज होता. त्याच चुकणाऱ्या ठोक्यासकट.

पडद्यावरही धुकं होतं. बाहेर होतं तसंच.

पाण्यात कुणीतरी होतं...

खेळातले खलाशी पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घालतात. याच्या अंगात पिवळा रबरी कोट होता. आमची माणसं बोटीवर घालतात तसला.

जावेनं जहाज वळवलं. ते त्याच्याकडे जायला लागलं. पण अंतर कमी होईना. जहाज पुढे जात होतं, आणि तो तेवढाच लांब.

"गिबोम," ती म्हणाली. "ए गिबोम, इकडं बघ. हात दे."

त्यानं हात वर केला.

बोलवायला नाही...

लहानपणापासून सवय होती त्याला. आई भात वाढायला आली की वाटीवर आडवा हात धरायचा. पुरे, आई. अगदी तसाच हात धरला त्यानं.

मग आमच्या डोळ्यांदेखत पांढरं झालेलं नाव पिवळं झालं. मग लाल. जावेचे दोन्ही हात मांडीवर होते. माझे माझ्या छातीशी.

टेबलाखाली काहीतरी टपटपलं. मी खाली पाहिलं. त्याच्या सपाता... पाण्यानं काठोकाठ भरल्या होत्या.

मी किंचाळले. बोक्नाम फेसाळ हातांनी धावत आली. जाऊ हलली नाही. रडली नाही. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,

"दमलाय गं तो. मी रोज दार उघडते म्हणून रोज चालत येतो. आत काही येता येत नाही, मग परत जातो. किती चालवलं मी पोराला..."

सण संपल्यावर विधी केला. पांढऱ्या कापडावर तिनं स्वतःच्या हातानं त्याचं नाव लिहिलं. लाल शाईनं. त्याची ती भाताची वाटी कापडात गच्च बांधून दोरीनं धक्क्यावरून पाण्यात सोडली. ढोल वाजत होता. तिनं त्याला हाका मारल्या, आवाज बसेपर्यंत.

वाटी वर ओढली. गाठ जशीच्या तशी होती.

आत एक शीत नव्हतं. वाटी चाटूनपुसून लख्ख.

"जेवला," जाऊ म्हणाली, आणि मग रडली. आम्ही सगळ्याच रडलो. मला वाटलं, सुटला बिचारा.

दुसऱ्या दिवशी ती सपाता आणायला दुकानात गेली. सोबत मी होते.

पडद्यावर जहाज होतं. त्या धुक्याच्या तिन्हीसांजेला भर समुद्रात सोडलेलं. आता ते त्याच्या गावच्या बंदराच्या तोंडाशी उभं होतं.

आणि नाव...

पांढरंशुभ्र.

जाऊ उभीच राहिली. मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. ती सोडत नव्हती तोवर तो 'मला जाऊ दे' म्हणत होता. तिनं सोडलं, आणि आता त्याचाच पाय निघत नव्हता.

ती खुर्चीत बसली. काळं निशाण चढवलं. जहाजाच्या तोफा त्याच्याच गावच्या बंदराकडे वळवल्या.

"जा," ती म्हणाली आणि तोफ डागली. "जा माझ्या राजा. मागे फिर. आईचं ऐक."

नाव पिवळं झालं. ती डागत राहिली. बोक्नाम तोंडात मूठ कोंबून उभी होती. नाव लाल झालं तेव्हा जावेनं डोकं टेबलावर टेकलं.

तेव्हापासून ती रोज जाते. सगळा हिवाळा जिनं मुलाचं नाव धुऊन काढण्यात घालवला, ती आज कित्येक वर्षं रोज आपल्या हातानं त्याला बदनाम करते. कारण रोज सकाळी ते पांढरं झालेलं असतं. जहाज बंदराच्या तोंडाशी असतं. कुणाची तरी वाट बघितल्यासारखं...

दुकान आता बंदच आहे. बोक्नामनं तो एक संगणक तेवढा चालू ठेवलाय. गावातल्या बायकांनी मध्यंतरी जावेला 'माल्सूनताई' म्हणायचा प्रयत्न केला. मुलाचं नाव घेऊन तिला दुखवायला नको म्हणून. ती मान वळवायची नाही. 'गिबोमची आई' म्हटलं की लगेच 'ओ' द्यायची.

या महिन्यात तिनं अंथरूण धरलं. परवा माझा हात धरून म्हणाली, "आता तू जा गं. एक दिवससुद्धा चुकवू नकोस."

काल दुपारी मी गेले. बाहेर धुकं होतं.

नाव पांढरं होतं. हेडफोन कानाला लावला. लाटांच्या खाली ते इंजिन. टक. टक. मग चुकलेला ठोका.

निशाण कसं चढवायचं ते मला येतं. तिनं शिकवलंय. माझं बोट बटणावर होतं.

पण त्या पोराला मी न्हाऊ घातलंय. माझ्या ताटातलं खाऊन तो मोठा झालाय. बाहेर एवढी थंडी... आणि त्याच्यावर मी तोफ डागू?

नाही डागवली मला.

जावेला सांगितलं, "केलं." तिनं समाधानानं डोळे मिटले.

आज सकाळी मी दार उघडलं.

पायरी ओली होती... तिच्या घराची नाही. माझ्या.

पट्टे नव्हते. पावलं होती. बोटं स्पष्ट उमटलेली.

आणि या वेळी ती पायरीपाशी वळून मागे गेलेली नव्हती.