काचेमागच्या बाई

"इथं गाद्या शिवून मिळतात का?"

सुमन स्टुलावर उभी होती, दातांत दाभण, खांद्यावर गोधडी. तिने वळून पाहिलं. दारात एक तरुण उभा होता. हातात काळी लांबट पेटी, केसांवर एस.टी.च्या प्रवासाची धूळ... आणि चेहरा अगदी साळसूद.

"गाद्या नाही," ती दाभण काढून म्हणाली, "गाणी. रेकॉर्डिंगची खोली आहे ही. गोधड्या भिंतीला आहेत, आवाज घुमू नये म्हणून."

"असं होय. मग मी बरोबर जागी आलो. मला वाटलं, मास्तरांनी आराम करायला बोलावलं."

सुमनला हसायचं नव्हतं. तरी ती हसली, आणि गोधडी खाली पडली. ती त्याने उचलून दिली. पुढे जे काही व्हायचं ते तिथेच सुरू झालं असं सुमन आजही मानते.

१९९० सालचा डिसेंबर होता तो. जळगावात स्टेशनजवळ, एका बियाण्यांच्या दुकानावर, सुमनच्या कौतिकमामाने कॅसेटचा धंदा मांडला होता. लग्नाची गाणी, देवीची गाणी, असलं काही काही तिथे निघायचं. सुमन चोपड्याची, केळीवाल्या पाटलांची मुलगी. बी.कॉम. झाली आणि घरी बसण्यापेक्षा म्हणून मामाकडे आली. दोन महिन्यांत टेपचं मशीन तिने असं हाती घेतलं की मामाने त्याला हात लावणंच सोडलं. भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. एक गाडी गेली आणि दुसरी यायची असली की मधल्या वेळात रेकॉर्डिंग करायचं. गाडीची शिट्टी गोधड्यांना जुमानत नसे.

त्या वर्षी धुळ्याच्या चर्चच्या मंडळींनी एक काम पाठवलं होतं. नाताळचं एक जुनं गाणं होतं, धुळ्यात वर्षानुवर्षं त्याच्याशिवाय नाताळ उजाडत नसे. गिरधर मास्तरांनी ते तरुणपणी क्लॅरिनेटवर वाजवलं होतं, त्याची तबकडी निघाली होती. तबकडी झिजली. सुई दुसऱ्या कडव्यात अडकून बसायची आणि लोक तिला बोटाने पुढे ढकलायचे. म्हणून मास्तरांनी ते पुन्हा वाजवावं असं ठरलं. मास्तर सत्तरीचे. पिढ्यान्‌पिढ्या लग्नांतून वाजवणाऱ्या घराण्यातला माणूस, पण धुंधुरमासात लग्नं नसतात, वाजंत्र्यांना तेवढीच काय ती उसंत. मास्तर आले, आणि दम कमी पडला तर सूर धरायला शागिर्दाला सोबत घेऊन आले.

शागिर्द म्हणजे हा गादीवाला. अभिमन.

"तव्हय मी पयत व्हतू," मास्तर सुमनला म्हणाले, "आते चालस. गानं तेच शे, माय."

आणि खरंच, गाणं तेच असून वेगळं होतं. तबकडीवरचं पळायचं. हे हळू यायचं, दारात थांबायचं, मग आत यायचं. मात्र मास्तर दोन ओळींत थकत. एकदा मालगाडी आडवी आली, एकदा केळीच्या ट्रकचा हॉर्न. एका दिवसाचं काम चार दिवस चाललं. त्या चार दिवसांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सुमनची एक पद्धत होती. माईकची वायर सैल होती, म्हणून ती आधी वाजवणाऱ्याला माईकसमोर चार शब्द बोलायला लावायची. ते टेपवर घ्यायची, मशीनच्या खोलीत काचेमागे बसून कानाला हेडफोन लावून ऐकायची, मग बटण दाबायची. काचेपलीकडच्या हॉलमध्ये लाल दिवा लागे – म्हणजे वाजवा. शेवटी पुढचा बोलण्याचा तुकडा ब्लेडने कापून टाकायचा. लोक बिचारे एक-दोन-तीन म्हणत. अभिमन पहिल्या दिवशी माईकशी वाकला आणि म्हणाला,

"अभिमन, मुक्काम होळनांथे, तालुका शिरपूर. वय चोवीस. लग्न... दुसऱ्यांच्या लग्नात वाजवतो."

काचेमागे सुमनने ओठ आवळले. तिने बोलण्याचं बटण दाबलं. "आवाज ठीक आहे. माहिती जास्त आहे."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काल शेवभाजी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भाजी तिखट होती."

तिसऱ्या दिवशी – "काचेमागच्या बाईंच्या वेणीत आज पिवळी शेवंती आहे. कालची लाल बरी होती."

"आवाज फार जवळून येतोय," सुमन म्हणाली. "जरा मागे सरका."

तो एक पाऊल मागे सरकला. "एवढं पुरे? की शिरपूरला जाऊ?"

हे सगळं फक्त तिच्या कानात. मामा बाहेर दुकानदाराशी गप्पा मारत बसलेला, मास्तर हॉलच्या कोपऱ्यात शाल पांघरून डोळे मिटलेले. कापलेले तुकडे फेकून द्यायचे असतात. तिने ते छोट्या चकत्यांसारखे गुंडाळले आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवले. जेवणाच्या सुट्टीत मामा घरी गेला की ती ते पुन्हा लावून ऐकायची. एवढं करून ती स्वतःला सांगायची की काही नाही, मुलगा गमत्या आहे.

त्या संध्याकाळी जिन्यात दोघं समोरासमोर आले. मध्ये काच नव्हती, आणि त्याची बोलतीच बंद झाली.

"सुरतच्या बँडचं पत्र आलंय," तो हातातल्या पेटीकडे बघत म्हणाला. "संक्रांतीनंतर या म्हणतात. उद्या उत्तर टाकायचंय."

"चांगलं आहे की." सुमनने जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "मलाही संक्रांतीनंतर बघायला येणार आहेत. यावलचे आहेत, शाळेत मास्तर."

"मग?"

"मग काय... पोहे करायचे."

"आणि कुणी त्याआधीच विचारलं तर?"

"आधी विचारणाऱ्याने आधी विचारावं," ती म्हणाली आणि भराभरा वर निघून गेली. दाराआड उभी राहिली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. उद्या तो विचारील. विचारलं की हो म्हणायचं. वडील रागावतील, मामा मध्ये पडेल, होईल सगळं. तिने लाल शेवंती आणून ठेवली.

चौथा दिवस उजाडला. घड्याळात अकराला दहा कमी. अकराला गाडी होती, तेवढ्यात एकदा सलग वाजवून घ्यायचं होतं. अभिमन माईकपाशी उभा राहिला. सुमनने टेप सुरू केली आणि हेडफोन उचलला, तोच दार ढकलून मास्तर आत आले.

"माय, ऐकाले दे ना जरासं. हाई यंत्र कसं ऐकस ते पाहू दे."

हेडफोन एकच होता. एवढा मोठा माणूस, आपणहून मागतोय. तिने तो त्यांच्या कानांवर नीट बसवून दिला. काचेपलीकडे अभिमनचे ओठ हलत होते. आज गंमत बरीच लांबली होती. तो काचेकडे बघत नव्हता, माईककडेच बघत होता. टेपवर आहेच, नंतर ऐकू, असं म्हणून ती रिळाचा ताण नीट करू लागली.

मास्तरांनी मान डोलावली, हेडफोन काढून दिला. "सूर झकास शे पोऱ्याना. चालू कर, माय."

ते हॉलमध्ये जाऊन बसले. अभिमन आता सरळ काचेकडे पाहत होता, हातात क्लॅरिनेट, पण ओठांना न लावलेलं. सुमनने घड्याळ पाहिलं. सात मिनिटं. तिने त्याच्याकडे पाहून मान हलवली, वेणीतली लाल शेवंती दिसावी म्हणून जराशी वळलीही, आणि बटण दाबलं.

लाल दिवा लागला.

तो त्या दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने वाजवायला घेतलं.

तसं ते गाणं पुन्हा कधी वाजलं नाही. मास्तर तिसऱ्या ओळीत थांबले आणि शागिर्दाने सूर उचलला. तो सूर आनंदाच्या गाण्यात कसा शोभावा असा होता, पण शोभला. मामा दारात येऊन उभा राहिला. गाडी चक्क उशिरा आली.

चहा आणायला सुमन खाली गेली आणि वर आली तेव्हा अभिमन पेटी बंद करत होता.

"चहा तरी..."

"नको. पत्र टाकायचंय," तो म्हणाला. "येतो, बाई." आणि हसला, जसं परकी माणसं परक्यांशी हसतात.

सुमन कप हातात धरून उभी राहिली. विचारलं नाही. चार दिवस गमती केल्या आणि विचारायच्या वेळी पळून गेला. असा संताप आला तिला की दुपारी टेपचा पुढचा तुकडा तिने न ऐकताच कापला. तुझी गंमत आता दुसऱ्या कुणी ऐकावी, असं पुटपुटत गुंडाळला आणि डब्यात टाकून झाकण लावलं. फेकला मात्र नाही. राग इतकाही खरा नव्हता.

वैशाखात तिचं यावलला लग्न झालं. नवरा सज्जन निघाला. वाईट असता तर रडायला निमित्त तरी झालं असतं.

तीन वर्षं गेली. नाताळच्या तोंडावर कौतिकमामाचा निरोप आला. गिरधर मास्तर भादव्यात गेले, चर्चची मंडळी गाण्याच्या नव्या कॅसेट मागतायत, मूळ टेप तुझ्याशिवाय कुणाला सापडायची नाही. ती आली. गोधड्या विटल्या होत्या. वेळापत्रक जुनंच होतं.

"मास्तरांच्या दहाव्याला गेलो होतो," मामा कपाट उघडता उघडता म्हणाला. "तो पोरगा आला होता सुरतहून. अभिमन. बायको, लहान मुलगी. तुझं विचारत होता, काचेमागच्या बाई कशा आहेत म्हणे. म्हटलं, सुखात आहे. म्हणे, बरं झालं."

"हो," सुमन म्हणाली.

"आणि एक नवल कळलं तिथं. मास्तरांना ऐकूच येत नव्हतं म्हणे, शेवटची पाच-सहा वर्षं. कुणाला कळू दिलं नाही. नुसत्या बोटांच्या सवयीवर वाजवायचे. आपल्याकडे वाजवलं तेव्हाही... काय झालं गं?"

सुमनच्या हातातली रिळं तशीच राहिली. सूर झकास शे पोऱ्याना. पण त्या वेळी पोऱ्या वाजवत नव्हता. नुसता बोलत होता.

मामा खाली गेला तशी तिने डबा काढला. चार चकत्या होत्या. शेवटची तिने मशीनवर चढवली. टेप दोनदा निसटली. हेडफोन लावला.

"आज विचारतो, बाई," अभिमन म्हणाला. तीन वर्षं जुना, चोवीस वर्षांचा. "समोर बोलता येत नाही. येत असतं तर क्लॅरिनेट कशाला धरलं असतं... सुरतला नाही म्हणून कळवतो, तुम्ही म्हणाल तर. गावी चार एकर आहे. आई कळण्याची भाकरी चांगली करते. मी – मी तुम्हाला हसत ठेवीन, एवढं नक्की सांगतो. हो असेल तर आज दिवा लावू नका. दार उघडून इथं माईकपाशी या, बोलू नका काही, मी समजेन. मास्तरांची लाज नका धरू. आणि नसेल तर... नेहमीसारखा लाल दिवा लावा. मी वाजवीन. रागावणार नाही."

मग मास्तरांच्या चपला वाजल्या. खुर्ची सरकली. बराच वेळ काही नाही, फक्त त्याचा श्वास.

आणि मग दिव्याच्या बटणाचा आवाज. तिच्याच बोटाचा.

टेप संपून रीळ नुसतंच फिरत राहिलं. तिने ते थांबवलं नाही. हेडफोन काढून ठेवला, जड दार ढकललं आणि हॉलमध्ये गेली. माईक तिथेच होता, वर फडकं टाकलेला. दारापासून तिथपर्यंत सात पावलं भरली.

ती उभी राहिली, काही न बोलता.

"सुमन," जिन्यातून मामाने हाक मारली, "गाडी यायला वेळ आहे अजून. सापडली का टेप?"

"सापडली, मामा," ती म्हणाली आणि डोळे पुसून कॅसेट भरायला आत गेली.