गोड लागलं की सांगा

घशाच्या डॉक्टरांकडे निघालेली मी चुकीच्या दारात शिरले. आत पांढऱ्या कोटातला एक चष्मेवाला चिमट्यात साखरेसारखा कण धरून बसला होता.

"बसा. हा नाकात ठेवतो. घशात गोड लागलं की सांगा."

"अहो, मी पेशंट आहे! रेडिओवर बातम्या वाचते, आणि दर महिन्याला चार दिवस माझा आवाज जड होतो..."

"दर महिन्याला? चारच दिवस?" त्याचे डोळे लकाकले. "मग बरोबर दारात आलात! हार्मोन्स वरखाली झाले की श्वासमार्गातला शेंबूडही घट्ट-पातळ होतो, असा माझा अंदाज आहे. शेंबूड चिकट असेल, तर गोडी घशात उशिरा पोचते."

"म्हणजे तुम्ही... शेंबडावर डॉक्टरेट करताय?"

"आई पाहुण्यांना 'श्वसनावर' सांगते."

मी खळखळून हसले आणि — खरं सांगते — तिथेच माझी विकेट पडली.

मग दर सोमवारी सकाळी मी त्या खुर्चीत. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही. हळू बोललेलं चालायचं. हातात स्टॉपवॉच घेऊन तो विचारायचा, "लागलं?"

"अंहं."

तिसऱ्या सोमवारी नवव्या मिनिटालाच गोड लागलं. पण तो काहीतरी सांगत होता, खिडकीतल्या उन्हात त्याचे कान लालबुंद दिसत होते... उठवेना. "अंहं," म्हणाले. थेट बाविसाव्या मिनिटापर्यंत! पुढे ती सवयच लागली.

दोन महिन्यांनी गेले, तर तो डोकं धरून बसलेला.

"सगळ्याजणींचे आकडे जुळतात, तुमचेच नाहीत. हार्मोन्स काही का म्हणेनात, तुमची आपली बावीस मिनिटं! उद्या गाइड मॅडमना दाखवायचंय. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली वाटतं."

खरं सांगितलं तर हा पुन्हा तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर त्याचं काम बुडणार.

"गोड... आधीच लागायचं," मी कशीबशी म्हणाले. "मला जायचं नसायचं. तुमच्याजवळून."

त्याने चष्मा काढला. पुसला. मग लाल पेनाने माझी अख्खी ओळ खोडली.

"तुम्ही अभ्यासातून बाद."

"म्हणजे सोमवारी... यायचं नाही?"

"नाही." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "तपासणी चालू असलेल्यांना चहाला विचारायचं नाही, असा कडक नियम आहे आमच्याकडे. दोन महिने दम धरलाय मी! — येणार?"

समोरचा टपरीवाला चहात साखर घालायलाच विसरला होता. तरी पहिल्या घोटाला त्याने विचारलं, "लागलं?"

"लागलं," मी लगेच म्हणाले.