पांढऱ्या पट्टीखालचा शब्द

"हे मी लिहिलेलं नाही!"

कुमिको इतक्या जोरात ओरडली, की वीणाच्या हातातला टेपचा रोल सुटून गडगडत खुर्च्यांखाली गेला. लायब्ररीच्या तळघरातल्या हॉलमध्ये ओरडायला सक्त मनाई होती, पण त्या घटकेला मनाईची कुणाला पडली होती!

"काय झालं? स्पेलिंग चुकलं?" वीणाचा जुळा भाऊ प्रसन्न शिडीवरून उतरत म्हणाला. "तरी म्हटलं होतं, मला दाखव."

"तुला दाखवलं असतं तर आणखी दोन चुकली असती," वीणा म्हणाली. "इकडे ये आणि बघ!"

१९८३ सालच्या जुलैमधला तो शनिवार होता. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातल्या देशोदेशींच्या मुलांनी सुट्टीत मांडलेलं इतिहासाचं प्रदर्शन दुपारी दोनला उघडणार होतं. तेरा वर्षांच्या कुमिकोनं आपल्या बोर्डावर काल संध्याकाळी मथळा टाइप करून चिकटवला होता: 'द जॅपनीज इन्व्हेजन ऑफ चायना'. म्हणजे जपानचं चीनवरचं आक्रमण. आज मधल्या शब्दांवर एक पांढरी पट्टी आली होती आणि मथळा झाला होता, 'द जॅपनीज एक्स्पिडिशन टू चायना'!

"एक्स्पिडिशन? म्हणजे एव्हरेस्टवर जातात तसं?" प्रसन्न म्हणाला. "सॅक घेऊन?"

कुमिकोला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"मिसेस लिन येणार आहेत," ती हळूच म्हणाली.

मिसेस लिन म्हणजे कुमिकोच्या शेजारच्या चिनी आजी. त्यांचं लहानपण नानजिंग शहरात गेलं होतं. जपानी सैनिक घरात घुसले, थोरल्या भावाला घेऊन गेले आणि तो पुन्हा दिसला नाही. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं हे सगळं त्यांनी या जपानी मुलीला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. अट एकच घातली. जे झालं तेच लिहायचं, शब्द मऊ करायचा नाही. कुमिकोनं शब्द दिला होता. पुढच्या आठवड्यात तिचं कुटुंब कायमचं नागोयाला परतणार होतं, त्यामुळे नंतर चूक सुधारायचीही सोय नव्हती.

"त्यांना वाटेल, मी खोटारडी आहे," कुमिको म्हणाली.

"हॉलची किल्ली कुणाकुणाकडे असते?" वीणानं विचारलं.

"लायब्ररीवाल्या बाई, आपले चारुदत्तकाका आणि मोरिता सर," प्रसन्ननं बोटांवर मोजलं. मोरिता सर म्हणजे जपानी मुलांच्या शनिवारच्या शाळेचे शिक्षक. "यार, बाई तर सुट्टीवर आहेत. आणि काका कमिटीचे अध्यक्ष! प्रदर्शन त्यांचंच. ते कशाला असं करतील?"

"काल मोरिता सर या बोर्डासमोर बराच वेळ उभे होते," वीणा डोळे बारीक करून म्हणाली. "वहीत काहीतरी टिपत होते. मला बघितलं आणि वही झटकन मिटली!"

कुमिकोचा चेहरा पडला. "आमच्या शाळेच्या पुस्तकात या युद्धाला जेमतेम अर्धं पान आहे. आणि 'शिनर्याकु' म्हणजे आक्रमण हा शब्दच नाही. 'शिनशुत्सु' आहे. म्हणजे पुढे जाणं."

"पुढे जाणं? बसमध्ये कंडक्टर सांगतो तसं?" प्रसन्न म्हणाला. "ठरलं! इथं नक्की पाणी मुरतंय. चला, सायकली काढा!"

दहा मिनिटांत तिघं मोरिता सरांच्या दारात हजर. सर ॲप्रन बांधून काकडी चिरत होते. सुरी हातात बघून प्रसन्न दोन पावलं मागे सरकला.

"सर, तुमची वही दाखवता?" वीणानं सरळच विचारलं.

सर कानापर्यंत लाल झाले. 'आता सापडले!' वीणाच्या मनात आलं. पण सरांनी मुकाट्यानं वही आणून दिली. त्यात मिसेस लिनची हकिगत उतरवलेली होती, अगदी शब्दन् शब्द!

"वर्गात वाचून दाखवायची होती," सर म्हणाले. "कुमिकोला न विचारता उतरवली, म्हणून लाज वाटली. गेल्या वर्षी पुस्तकांतल्या या शब्दावरून जपानमध्ये केवढा गदारोळ झाला! पुस्तकं तपासणारे सरकारी लोक म्हणतात, जरा सौम्य लिहा. आणि आमच्यासारखे मास्तर 'परीक्षेत येणार नाही' म्हणून पान उलटतात. मीही किती वर्षं उलटलं."

"मग पट्टी कुणी लावली?" प्रसन्न वैतागला.

"काय लिहिलंय तिच्यावर?"

"एक्स्पिडिशन."

सरांनी मान हलवली. "आमच्या पुस्तकातला शब्द इंग्रजीत आणायचा तर कुणीही 'ॲडव्हान्स' लिहील. एक्स्पिडिशन आमचा नाही. तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

एक्स्पिडिशन! वीणाच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला, आणि लगेच तिला वाटलं, नसता पडला तर बरं झालं असतं. रविवारच्या मराठी वर्गात हा शब्द तिनं स्वतःच्या हातानं वहीत उतरवला होता. तो शिकवणारा माणूस तिला फार आवडत होता.

"प्रसन्न," ती म्हणाली, "आपल्याकडे 'स्वारी'ला इंग्रजीत काय शिकवलंय?"

"एक्स्पिडिशन!" प्रसन्न म्हणाला आणि सायकलकडे धावला.

पावणेदोनला मोरिता सरांसह चौघं हॉलमध्ये धापा टाकत पोचली. मराठीचा वर्ग घेणारे चारुदत्तकाका कोट-टाय घालून खुर्च्या मोजत होते. वीणानं त्यांच्यासमोर कागद धरला.

"काका, मराठी बोर्डावर एक लाइन लिहायचीय. 'अब्दालीची दिल्लीवर स्वारी.' चालेल?"

"छे छे छे!" काका भडकले. "अब्दालीचं आक्रमण म्हण, आक्रमण! परका माणूस येऊन लुटालूट करतो, त्याला स्वारी म्हणतात होय? इन्व्हेजन लिही!"

"आणि मराठे बंगाल लुटायला गेले ते?"

"ती आमच्या नागपूरकर भोसल्यांची स्वारी! एक्स्पि..."

काकांचा शब्द अर्ध्यावरच अडकला. त्यांनी वीणाकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. कुमिको तिथं पट्टीवर बोट ठेवून उभी होती.

"काका, तुम्ही?" वीणानं विचारलं. "निदान तिला विचारायचं तरी!"

काका धपकन खुर्चीत बसले. "अगं, जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या गेल्या म्हणून डेट्रॉइटला लोक त्या गाड्या हातोड्यानं फोडतायत. इन्व्हेजन वाचून कुणी या पोरीला टाकून बोललं असतं तर? वाटलं, नसतं लचांड नको. सौम्य शब्द शोधला, तर हाच हाताशी आला. इतक्या वर्षांत तो सौम्य आहे हेही कधी लक्षात आलं नव्हतं बघ." ते उठून कुमिकोसमोर आले. "सॉरी, बेटा. मी फार चुकलो."

"पट्टी काढू?" प्रसन्ननं नखानं कोपरा खरवडला. मथळ्याचाच टवका निघाला! "अरे देवा! दोनला सातच मिनिटं आहेत!"

"राहू दे," कुमिको म्हणाली. तिनं अख्खा मथळा फाडला, टेबलावरचा ब्रश शाईत बुडवला आणि कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आम्ही चीनवर आक्रमण केलं.' जपानी आणि इंग्रजी, दोन्हीत. कालच्या मथळ्यात 'आम्ही' नव्हतं.

मिसेस लिन काठी टेकत आल्या. इंग्रजी ओळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जपानी ओळीत 'आक्रमण' हा शब्द चिनी अक्षरांतच होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग खालची सगळी हकिगत वाचली. वीणा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आजी रागावल्या की काय?

"तू 'तिचा भाऊ' असं लिहिलंयस," शेवटी आजी म्हणाल्या. "त्याला नाव होतं. वेइमिंग."

"कुठल्या अक्षरांनी लिहू?" कुमिकोनं विचारलं.

आजींनी तिचा हात धरला, तळवा उघडला आणि बोटानं त्यावर एकेक रेघ ओढत अक्षरं काढून दाखवली. कुमिकोनं ती तशीच बोर्डावर उतरवली. मोरिता सरांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ ते वर झालेच नाहीत.

"शाब्बास, पोरांनो!" चारुदत्तकाका रुमालानं चष्मा पुसत म्हणाले. "मला पकडलंत ते फार बरं केलंत!"

मिसेस लिननी बोर्डासमोरची खुर्ची जरा पुढे ओढली आणि भावाच्या नावाजवळ बसून राहिल्या. त्यांनी कुमिकोचा हात सोडला नव्हता.