रिकाम्या खोलीचे अर्धे मिनिट

त्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मी तिथे नव्हते, हे आधी नोंदवते. तेवढा भाग ऐकीव आहे. बाकीचे मी स्वतः तपासले आहे.

आमची गाणी काढणारी संस्था लहान. माणसे दोनच, मालक आणि मी. ध्वनिमुद्रण मालकच करतात आणि गायिका त्यांची धाकटी बहीण होती. त्यांचा एक नियम असे: गाणे संपले की कोणी हलायचे नाही, आणखी अर्धे मिनिट नुसत्या खोलीची शांतता मुद्रित करायची, पुढे जोडकामाला ती लागते. त्या दिवशी गाणे संपताच यंत्र चालू ठेवून मालक फोन घ्यायला बाहेर गेले. अर्ध्या मिनिटाने यंत्र आपोआप थांबले, पण बोलणे लांबले. परतले तेव्हा काचेपलीकडे बहीण खुर्चीत कलंडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तिने आपल्याला हाक मारली असेल का, एवढा एकच प्रश्न मालकांना उरला. ते अर्धे मिनिट त्यांनी शंभरदा ऐकले. मीही ऐकले. त्यात काही नव्हते.

वर्षभराने आम्ही ते गाणे मोकळ्या परवान्याखाली दिले. आवाज, तंतुवाद्य, ताल, सगळे सुटे. रसिकांनी उतरवून घ्यावे, हवे तसे नव्याने जुळवावे आणि आम्हांला पाठवावे. अट एकच: ज्यांचे आवाज वापराल त्यांचा उल्लेख करा. चूक माझी. फोल्डर न उघडताच मी चढवले, आणि ती शांतताही सोबत गेली.

पहिल्या रीमिक्सच्या शेवटी एक श्वास होता. दुसऱ्यात खुर्ची सरकली. तिसऱ्यात ती बोलली.

"बोक्या... आटप ना."

"यंत्राकडून तिचा आवाज बनवून घेतलाय कोणीतरी," मी म्हणाले. "असल्या लोकांना काही धरबंध नसतो."

मालकांनी मान हलवली. "बोक्या मला फक्त तीच म्हणायची. तेही आई आसपास नसताना. नाहीतर ओरडा खायची."

हे नाव मलाही ठाऊक नव्हते. मी तिसरे रीमिक्स पाठवणाऱ्या शिक्षिकाबाईंना फोन केला.

"अहो, मी फक्त तुमच्या त्या शांततेचा आवाज मोठा केला," त्या म्हणाल्या. "बाई तुमच्याच ट्रॅकमध्ये बोलतायत."

मूळ ट्रॅक मी तितकाच मोठा करून ऐकला. काही नव्हते.

गुरुवारी भर दुपारी मालक काचेपलीकडे जाऊन त्या खुर्चीत बसले. माइकची केबल मी सकाळीच काढून ठेवली होती. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"फोन लांबला गं, माकडतोंडे..." ते म्हणाले. "आलो. हा बघ, आलो."

मग तोंड धुऊन आले आणि चहा मागवला. वर्षभरात प्रथमच त्यांचा कप रिकामा झालेला मी पाहिला. मला बरे वाटले, हे मान्य करते.

चौथे रीमिक्स उघडायचे राहिले होते. ते मी त्यानंतर लावले. शेवटी तिची हाक होती. थोडी शांतता. मग मालकांचा आवाज: फोन लांबला गं... शब्दन् शब्द तोच.

उल्लेखाच्या रकान्यात दोन नावे होती. एक गायिकेचे. दुसरे, बोक्या.

फाइल आल्याची तारीख मी तीनदा तपासली. ती आमच्याकडे सोमवारी आली होती.